तिथं आपली भट्टी आहे का?

आधीच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. माझं मराठी आईच्या तोंडून ऐकलेलं. शाळा हिंदी माध्यमाची, गल्ली बंगाली. देवनागरी वाचता येते, एवढ्याच भांडवलावर मी बसलोय. एखादा शब्द चुकला तर तो आईचा नव्हे, माझा समजावा. पण जे पाहिलं ते आमच्या घरातलं दुसरं कुणी लिहून ठेवेल असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. वडील गलाईचं काम करतात. म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं आणि इतर भेसळ काढायची आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत द्यायची. आमच्या भागातली माणसं याच कामापायी देशभर पसरलीत. कोलकात्यात, बेहाल्यातल्या एका गल्लीत खाली आमची भट्टी आणि वर आम्ही. या कामात काही वाया जात नाही. फरशी झाडली की धूळ डब्यात जाते, हात धुतलेलं पाणी पिंपात साठतं, कारण त्यातही सोन्याचे कण असतात. आणि एक नियम आहे. वितळलेल्या सोन्याची मूस, म्हणजे ते वितळवायचं भांडं, भट्टीबाहेर आली की ते ओतून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, फोन वाजला तरी घ्यायचा नाही. लहानपणी मी शिंकसुद्धा नाक दाबून परतवायचो.

बारावीनंतर मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. शाळेच्या पुस्तकात पृथ्वी मधोमध कापून दाखवलेलं एक चित्र होतं. आत लालभडक, आमच्या मुशीसारखं. ते चित्र मी इतक्या वेळा उघडलं होतं की पुस्तक त्याच पानावर आपोआप उघडायचं. पण कोलकात्यातल्या सरकारी कॉलेजांत माझा नंबर लागला नाही आणि खासगी कॉलेजांच्या फीचं नावही काढण्यासारखं नव्हतं. तेव्हा शाळेतल्या एका सरांनी ओडिशातल्या एका सरकारी विद्यापीठाचं सांगितलं. डोंगराळ भागात, गावांच्या मधोमध. फी आम्हाला झेपेल इतकी, वसतिगृह आतच, आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी थोड्या जागा राखलेल्या. मी परीक्षा दिली. निकाल आला तो अर्धवट. माझं नाव प्रतीक्षा यादीत. कुणी जागा सोडली, तर मला.

"बाहेरच्या राज्यातला," वडील हसले. "आपण कुठं गेलो तरी बाहेरचेच. तिथं निदान कागदावर लिहून देतायत."

मग म्हणाले, "लागला नंबर तर जा. नाय लागला तर खाली भट्टी हायच." रागानं नाही, अगदी सहज म्हणाले. त्या सहजपणाचीच मला भीती वाटली. खालची भट्टी वाईट नव्हती. पण तिथं एकदा बसलो की ते चित्र पुस्तकातच राहणार होतं.

शेजारच्या काकीमांना आमचं काही पटेना. त्या जिन्यातच आईला गाठायच्या. "कोलकाता छेड़े केउ जोंगोले पोड़ते जाय?" कोलकाता सोडून जंगलात शिकायला कुणी जातं का! "तिथली मुलं इथं येतात गं, आणि तुझा उलटा निघालाय."

आईनं मात्र जंगलाचं काही काढलं नाही. तिनं एकच विचारलं, "तिथं आपली भट्टी आहे का?"

आमच्यात कुठलंही गाव असंच मोजतात. नकाशावर नाही, तर तिथं गलाईवाला आहे का यावर. असला तर ते गाव आपलं, मग ते कुठल्या का राज्यात असेना. वडिलांनी फोन लावले. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तीन दिवसांनी कळलं की विद्यापीठाजवळच्या बाजारात आपल्याच तालुक्यातला एक माणूस आहे. आई म्हणाली, "मग आधी जाऊन बघून या. माणूस बघा, जागा बघा."

वडिलांनी भट्टी बंद केली. दसरा आणि गावची जत्रा सोडून ती कधी बंद झालेली मी पाहिली नव्हती.

रेल्वेनंतर आम्ही बस धरली. तांबडी माती, दोन्ही बाजूंना साल नावाची उंच झाडं. बस विद्यापीठाच्या फाटकाशी थांबली तेव्हा मला वाटलं, चुकून उतरलो. इमारतीच दिसत नव्हत्या. नुसती जमीन. एक रस्ता सरळ आत गेलेला, दूर कुठेतरी एक पिवळी इमारत, तिच्या मागं निळसर डोंगर, आणि मध्ये गाई चरतायत. बेहाल्यात आमच्या खिडकीतून समोरच्यांच्या भाजीत मीठ जास्त झालंय का तेसुद्धा कळतं. इथं दोन इमारतींमध्ये एक अख्खी गल्ली मावली असती, आणि तिथं कुणीच राहत नव्हतं.

वडील मध्येच थांबले. वाळकी पानं, माती, सगळं वाऱ्यानं उडत होतं. "एवढी जागा," ते हळूच म्हणाले, "आणि कुणी झाडत न्हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. देवळात गेल्यावर माणूस बोलतो तसा तो आवाज होता.

भूगर्भशास्त्र विभागात एक लांब खोली होती. काचेच्या कपाटांत नुसते दगड. खिडकीपासून दारापर्यंत दगडच, प्रत्येकाखाली छोटी चिठ्ठी. एक बाई, तिथल्या प्राध्यापक, खिडकीशी काम करत होत्या. कोलकात्याहून आलोय म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. "तिकडून इकडं फारसं कुणी येत नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. वडील काय करतात ते मी सांगितलं, तशा त्या उठल्या आणि त्यांनी एक कपाट उघडलं. "मग तुम्हाला हे बघायला हवं. सोन्याचा दगड."

खणात दोन दगड शेजारी शेजारी होते. एक पिवळाधमक, चौकोनी दाण्यांचा. दुसरा राखाडी, आमच्या गल्लीतला फुटका फुटपाथ असावा तसा. वडिलांनी पिवळ्याकडे पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. "बघ. बाविसाच्या वरचं हाय."

त्यांनी आयुष्यभर सोनं वितळवलं होतं. पण त्यांच्याकडे आलं ते बांगडीतलं, मंगळसूत्रातलं. दगडातलं सोनं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांच्या चेहऱ्यावरून बाईंना ते कळलं असावं. "त्यात सोनं नाही," त्या म्हणाल्या. "लोखंड आणि गंधक आहे ते. सोनं शेजारच्यात." आणि त्यांनी तो राखाडी दगड वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात नेला. "कुठंय?"

"डोळ्यांना दिसत नाही. दळून धुतल्यावर निघतं."

"आणि हे आत घातलं कुणी?" हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला.

बाई हसल्या नाहीत. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, त्या सांगू लागल्या, जमिनीखालून कढत पाणी खडकाच्या भेगांतून वर चढत होतं. त्या पाण्यात सोनं विरघळलेलं होतं. पाणी निवत गेलं तसं ते भेगांत बसत गेलं. कण कण. किती वर्षं, ते सांगून समजणार नाही.

दगड वडिलांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता, प्रसाद धरावा तसा. मग म्हणाले, "म्हंजे खाली पण भट्टीच."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच म्हणा."

वडिलांनी दगड जपून परत ठेवला आणि त्याच खणावर आपले दोन्ही तळवे हलकेच झटकले. बाईंना ते का, ते कळलं नसेल. मला कळलं. एखादा कण हाताला लागून आला असेल तर तो ज्याचा त्याला परत.

तोवर मला ते विद्यापीठ नुसतं हवं होतं. त्या क्षणानंतर ते मिळालं नाही तर काय, हा विचारही मला करवेना.

बाजारातला गलाईवाला वडिलांच्याच वयाचा निघाला. पाच मिनिटांत दोघांनी नातं शोधून काढलं. त्याच्या मेव्हण्याचं गाव आमच्या गावाला लागून. "मग पाव्हणंच की तुम्ही!" त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय शिकायचं म्हनतोस?"

"दगड," वडिलांनी परस्पर सांगून टाकलं.

"लेका, आमी दगडासारखी डोकी घिऊन इथवर आलो. आणि तू दगड शिकून डोकं करणार व्हय?" तो इतका हसला की चहा सांडला. निघताना मात्र म्हणाला, "पोरगं आलं तर दर रविवारी जेवाय माझ्याकडं. वैनींना सांगा."

घरी आल्यावर वडिलांनी आईला विद्यापीठाचं काही सांगितलं नाही. आधी आपली फजिती सांगितली. "लोखंडाला बाविसाच्या वरचं म्हणलो मी!" पुढं कितीतरी दिवस ते येईल त्या सोनाराला हे सांगत होते. आई म्हणाली, "माणूस चांगला आहे ना? मग झालं."

पण विद्यापीठाकडून काहीच येईना. मी खाली भट्टीवर जाऊ लागलो. सोनं वितळताना मुशीत टाकायचा टाकणखार हातात देणं, फरशी झाडणं. बाजारातले पाव्हणे मधून मधून सायकलवरून विभागात जाऊन चौकशी करून येतात, हे मला नंतर कळलं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

एका दुपारी वडिलांनी मूस बाहेर काढली आणि फळीवरचा फोन वाजला. पडद्यावर 'पाव्हणे' असं आलं. मी जागचा हललो नाही. वडिलांनी मान वर केली नाही. सोनं साच्यात उतरत होतं, फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मी त्या पिवळ्या धारेकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं खडकातल्या भेगा होत्या. धार संपली. वडिलांनी मूस ठेवली, चिमटा ठेवला, हात पिंपावर झटकले आणि फोनचा स्पीकर लावला.

"कुठं हुता हो? कवाधरनं लावतोय," तिकडून आवाज आला. "आत्ताच हापिसातनं आलो. एका पोरानं जागा सोडली, ती आपल्या पोराला दिलीय. वैनींना म्हणावं, रविवारी त्येला काय आवडतं ते कळवा."