आत्याने माळलेली बकुळ
परवा नौपाड्यात एका टोपलीतून बकुळीचा वास आला आणि ठाकुर्लीची आमची चाळ आठवली. अंगणात बकुळीचं झाड होतं. सकाळी पडलेली फुलं माझी विधवा आत्या वेचायची, केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवायची. झाडाची साल कुटून अख्ख्या चाळीला दंतमंजनही तीच करून द्यायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सगळे गजरे तिच्याकडूनच ओवून घेतले. संध्याकाळी बघते तर त्यातलाच एक गजरा अंबाड्यावर माळून आत्या सगळ्यांना पन्हं देत होती. काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तुला चालतं का हे?" आत्याने त्यांच्यापुढे पेला धरला. "माझ्या हातचं मंजन तुम्हाला रोज चालतं ना, काकू? झाड तेच आहे." घरी आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा झाडाखाली फुलं वेचत होती, आणि कालचा सुकलेला गजरा अंबाड्यावर तसाच होता. परवा मी त्या टोपलीतून दोन गजरे घेतले. माझे यजमान जाऊन महिना झालाय. एक गजरा त्यांच्या फोटोला घातला, दुसरा मी माळला.