दादासाहेब वकिलांची शिकार

बार काढताना दादासाहेब दोन्ही डोळे घट्ट मिटून घेत. हे मी गाडीत शेजारी बसून पाहिलंय. सात वर्षं मी त्यांचा कारकून होतो आणि शिकारीच्या दिवशी काडतुसांची पिशवी माझ्याच गळ्यात असे. तरीही खडेबाजारातल्या त्यांच्या माडीवर काळविटांची अकरा मुंडकी टांगलेली होती, आणि येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला त्यांच्याखाली बसून पराक्रम ऐकावे लागत. "नेम रक्तात असावा लागतो," असं म्हणत ते मिशीवरून बोट फिरवत.

ते रक्त बाळाप्पाचं होतं, त्यांच्या गाडीवानाचं. चिकोडीकडच्या माळावर तेव्हा काळविटांचे मोठे कळप चरत. माणूस दिसला की उधळत, पण बैलगाडीला बुजत नसत. बाळाप्पा गाडी गोल गोल फिरवत कळपाजवळ न्यायचा आणि एकाच गोळीत नर पाडायचा. गाभण मादीच्या वाटेला तो कधी गेला नाही. एक-दोनदा स्वतः बार काढून कळप उधळल्यापासून दादासाहेब तोवर गादीवर बसून चिवडा खात. जनावर पडलं की खाली उतरून त्याच्या मानेवर बूट ठेवत.

"बाळाप्पा, कुणी मारलं रे?"

"तुमीच की, वकीलसाहेब," बाळाप्पा बैलांकडे बघत म्हणायचा.

पुढे बेळगावात एक नवा गोरा साहेब आला. दादासाहेबांना सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचं होतं, म्हणून त्यांनी त्याला शिकारीला नेलं. साहेबासमोर बंदूक बाळाप्पाच्या हाती कशी देणार? माळावर पोचल्यावर बाळाप्पा खाली उतरला. "मी कळप वळवून आणतो. मी बाजूला होईस्तोवर बार काढू नका, वकीलसाहेब."

कळप वळला. काळविटं उड्या घेत आमच्या समोर आली. साहेब काहीतरी बोलून हसला, दादासाहेबांनी घाईने बंदूक उचलली आणि डोळे मिटले.

धूळ खाली बसली तेव्हा माळावर एकही जनावर नव्हतं. बाळाप्पा गुडघा धरून बसला होता. मी धावलो. मागून दादासाहेबांचं वाक्य ऐकू आलं, "साहेबांचा गैरसमज व्हायला नको!"

बाळाप्पाचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. दादासाहेब एकदाही इस्पितळात फिरकले नाहीत. त्यांनी मला बाळाप्पाच्या नावाचा जबाब सांगितला: बजावूनही बाळाप्पा आपल्या मर्जीने बंदुकीसमोर आला. मी तो लिहिला, आणि अंगठा घ्यायला मीच गेलो.

"वाचा की," बाळाप्पा म्हणाला.

मी वाचलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी गाडीतच होतासा न्हवं, अण्णा?"

"होतो."

"मग काय बोलायचं!" असं म्हणून त्याने अंगठा पुढे केला. शाई मी लावली.

दादासाहेब रावसाहेब झाले. पेढे वाटले गेले, त्यातला एक मीही खाल्ला. त्यानंतर महिन्याभराने मी नोकरी सोडली. त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही. "तुझ्यासारख्या नेभळटाचं हे कामच नव्हे," म्हणाले.

सात वर्षांत त्यांचं हे एकच वाक्य मला खरं वाटलं. फक्त मी नेभळट नेमका कुठे ठरलो, ते त्यांना कधी कळलं नाही.