नारिंगी मासे कुणी खाल्ले

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक होतं — पगार, पोटदुखी, कोणावर मनातल्या मनात खार खाऊन आहे ते — पण हे नाही. ती गेली, आता सांगायचं तर कुणाला? म्हणून तुम्हाला. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखीचा माणूस लगेच म्हणतो, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट झाली. मला ते 'जाऊ द्या' नको आहे.

कुठून सुरुवात करू? माशांपासून करतो. माशांबद्दल बोलायला सोपं जातं.

राहात्याच्या अलीकडे एका साखर कारखान्यानं कॉलेज काढलं होतं. तिथे मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, नोकरी कच्ची. दर जूनला पुन्हा हात जोडून उभं राहायचं. कारखान्याचे चेअरमन मला 'प्रोफेसर' म्हणायचे आणि मी एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही — बघा, इथूनच सुरू आहे सगळं! हे चेअरमन मुंबईला गेले, तिथलं मत्स्यालय बघून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या पोरांनी समुद्र कधी बघायचा? कॉलेजच्या नव्या दालनात खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी बांधायची, तीत समुद्रातले मासे सोडायचे, मंत्र्यांना उद्घाटनाला बोलवायचं. मला विचारलं, प्रोफेसर, जमेल का? मी म्हणालो, न जमायला काय झालं, मुंबईत शिकत होतो तेव्हा अशा टाक्या मीच सांभाळायचो.

साफ खोटं. मी त्या टाक्या तिकीट काढून बघायचो, बस्स. काचेच्या अलीकडे उभा राहून.

आणि साल कोणतं, तर बहात्तर. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीला गेली होती, आणि आम्ही समुद्र आणायला निघालो होतो! लोक चेअरमनांना नावं ठेवत होते — तोंडावर नाही, पण ठेवत होते. चेअरमनांना ते कळत होतं. ते मला एकदाच म्हणाले, प्रोफेसर, यात फजिती झाली तर मला लोक खातील, आणि मी तुम्हाला. हसत म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

टँकर धुऊन मुंबईला पाठवला, तो समुद्राचं पाणी भरून आला. आता दुष्काळात टँकर दिसला की काय होतं? वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन धावल्या. कुणी काही सांगायच्या आत एकीनं तोटीला तांब्या लावला, घोट घेतला आणि थू करून थुंकली. "मुडद्यांनो, आमच्या तोंडात मीठ घालाया एवढ्या लांब गेलता व्हय?" अशी कडाडली की ड्रायव्हर टपावरून खाली उतरेना. ती गिरजाबाई. भोयाची बाई, विधवा. नदी आटली तशी मासेमारी बंद, पोटाला काही नाही, आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

तिला कामाला ठेवा असं मीच सुचवलं. म्हणालो, साहेब, भोयाच्या घरची आहे, मासे तिला नवे नाहीत, टाकी राखायला बरी पडेल. चेअरमन खूश झाले. तिच्याकडे दालनाची किल्ली आली. मजुरीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कारखान्याच्या नळाचं दोन हंडे गोडं पाणी रोज मिळू लागलं. त्या उन्हाळ्यात दोन हंडे पाणी म्हणजे काय, हे आता सांगून समजायचं नाही. पोटुशी लेक घरात असलेल्या बाईला तर मुळीच सांगावं लागत नव्हतं. त्या पाण्यासाठी ती दालनाची फरशी दिवसातून कितीदा पुसायची! मला म्हणायची, मास्तर, तुमच्यामुळं माझ्या लेकीचं बाळंतपण निभंल.

दिव्यांचं मात्र मी चोख केलं होतं. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही — अजूनही थोडी फुशारकी मारायची हौस आहे, काय करू? चेअरमनांना गणपतीपुढे असतात तशी उघडझाप करणारी रंगीत माळ हवी होती. मी नको म्हणालो. साध्या बल्बांनी पाणी तापतं, म्हणून ट्यूबलाइट. ट्यूबाही मागे नाही, पुढच्या काचेच्या अगदी वर, म्हणजे उजेड माशांच्या अंगावर पुढून पडतो आणि रंग उघडतात. मागून टाकला तर नुसत्या काळ्या सावल्या हलताना दिसतात. एका ट्यूबला निळा जिलेटिनचा कागद गुंडाळला. दिवस मावळला की दिवे बंद, नाहीतर काचेवर शेवाळ धरतं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा चेअरमन काचेला नाक लावून उभे राहिले. मग म्हणाले, आयला!

पण मासे? मासे मी रंगावर निवडले. लुगडं निवडावं तसे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये एक म्हातारा व्यापारी होता, त्याच्याकडे निळे मासे घेतले, पिवळे घेतले, आणि नारिंगी घेतले — बोटाएवढे, अंगावर पांढरे पट्टे, पोरांना आवडतील असे. आणि मग तो दिसला. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, अंगभर पिसारा फुलवलेला, संथ. दुकानदार त्याला 'लायन' म्हणत होता. मी म्हणालो, हाही द्या. म्हातारा म्हणाला, साहेब, बारक्यांबरोबर नका ठेवू, याच्या तोंडात मावेल ते हा गिळतो. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, चाचा, मी प्रोफेसर आहे.

त्यानं खांदे उडवले आणि मासा बांधून दिला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा मात्र ते कुणाच्याच लक्षात आलं नाही — माझ्याही, सुरुवातीला. मंत्र्यांची तारीख ठरलेली, आणि एके दिवशी नारिंगी मासे कमी भरले. मेलेला मासा तरंगतो, तळाशी पडतो, काहीतरी उरतं. इथे काहीच नाही. मला वाटलं दगडांच्या कपारीत लपले असतील. दोन-तीन दिवसांनी आणखी कमी. कारखान्यात कुजबूज सुरू झाली. मासे जातात कुठे? त्यांना काय पाय फुटले? दुष्काळ आहे, खायला नाही, किल्ली भोयणीकडे — चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं कुणीतरी बोललं आणि ते तोंडोतोंडी झालं.

मग ती सकाळ. मी उजाडताच गिरजाबाईच्या झोपडीवर गेलो, किल्ली मागून घेतली, एकटाच दालनात शिरलो. आत अंधार होता. बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. तो समोरच होता, काचेला लागून, पिसारा ताणलेला, आणि त्याच्या तोंडातून नारिंगी शेपूट बाहेर आलेलं होतं. अजून हलत होतं. माझ्याच दिव्यात, माझ्याच कोनातून, इतकं स्वच्छ दिसत होतं सगळं! त्यानं एकदा जबडा हलवला आणि शेपूट आत गेलं.

मला त्या क्षणी काय वाटलं, तेही सांगतो. माशाचं वाईट वाटलं नाही. गिरजाबाईची आठवणही झाली नाही. मला फक्त चेअरमनांचा चेहरा दिसला. प्रोफेसर, तुम्ही तर टाक्या सांभाळायचात ना?

कुलूप लावून किल्ली परत द्यायला गेलो. ती उंबऱ्यात उभी. कुजबूज तिच्याही कानावर गेली होती. म्हणाली, "मास्तर, समदे हायेत न्हवं?" मी म्हणालो, हो, सगळे आहेत. कालच्याइतकेच. असं का म्हणालो? विचार करून नाही म्हणालो, तोंडातून गेलं. पण तिचा चेहरा असा उजळला की ते परत घेणं जमलं नाही.

त्याच दुपारी चेअरमन स्वतः आले आणि त्यांनी मासे मोजले. कालच्यापेक्षा एक कमी. गिरजाबाईला बोलावलं. ती काही मान खाली घालून उभी राहणारी नव्हती. "म्या खाल्ले? ह्ये असले चितारलेले मासे? ह्यांस्नी कालवनात घालतंय कोन? आन सकाळच्याला मास्तर सवता आत जाऊन बघून आले, समदे हुते. इचारा की त्यांस्नी!"

बिचारीला वाटलं, मी तिचा साक्षीदार. चेअरमनांच्या लक्षात लगेच आलं — सकाळी मासे पुरते होते, नंतर किल्ली हिच्याकडे, मग दुपारपर्यंत एक गेला तर नेला कुणी? ते माझ्याकडे वळले. सकाळी होते का, प्रोफेसर, सगळे?

टाकीतला तो तिथेच होता. आमच्यात आणि त्याच्यात फक्त काच. मी हात करून दाखवायचा होता, की साहेब, हा बघा चोर, आणि याला निवडणारा गाढव मी. एवढंच. एवढंच होतं ते! गिरजाबाई माझ्याकडे बघत होती, निर्धास्त.

मी म्हणालो, हो, सकाळी होते.

कमरेची किल्ली सोडून तिनं टेबलावर ठेवली. चेअरमन म्हणाले, बाई, भुकेला माणूस काय करील सांगता येत नाही, मी पोलिसांत देत नाही, पण उद्यापासून येऊ नका. पाणीही बंद झालं, हे कुणी बोललं नाही, पण ते झालंच. सगळ्यांना ती चेअरमनांची दया वाटली. मलाही तसं वाटून घेता आलं असतं, पण मी सगळं जाणून होतो.

थांबा. याहून वाईट अजून पुढे आहे.

उरलेले नारिंगी मासे वाचवणं भाग होतं, नाहीतर बाई गेल्यावरही मासे जात राहिले असते. मग मी चेअरमनांना म्हणालो, बारक्या माशांचं रूप मोठ्या टाकीत हरवतं, त्यांना वेगळी छोटी टाकी करू, तिला स्वतंत्र दिवा देऊ, पिवळसर, म्हणजे नारिंगी रंग पेटून उठेल. त्यांना कल्पना फार आवडली. छोटी टाकी झाली, दिवा लागला, आणि त्या दिवसापासून एकही मासा कमी झाला नाही. लोक म्हणाले — बघा! बाई गेली आणि मासे राहिले. बाईनं मासे नेलेच नसतील असा जो थोडाफार संशय कुणाच्या मनात असेल तोही मीच असा धुऊन काढला. हे मात्र घाबरून तोंडातून गेलं नव्हतं. हे मी नीट बसून, कागदावर दिव्याचा कोन काढून केलं.

मंत्री आले. पिसाऱ्याच्या माशापुढे बराच वेळ उभे राहिले. माझी ओळख करून दिली गेली, प्रोफेसर म्हणून. त्या जूनला मला हात जोडावे लागले नाहीत. नोकरी पक्की झाली आणि तिच्यावरच सगळं आयुष्य उभं राहिलं — लग्न, घर, मुलांची शिक्षणं. मला पोटभर मिळालं.

मंत्री येऊन गेल्यावर काही दिवसांनी मी सायकलवरून राहात्याला निघालो होतो. रस्त्याला दुष्काळी काम चालू होतं, बाया रांगेनं बसून खडी फोडत होत्या. डोक्यावरनं ऊन उतरायचं नाव नव्हतं. लांबूनच मला दिसलं की त्यांत गिरजाबाई आहे, आणि मी मान वळवून पायडल जोरात मारलं. पण तिनं हाक मारली. "मास्तर! आवो मास्तर!" थांबावं लागलं.

ती उठून आली. हात फुटलेले, पापण्यांवर धूळ. मला वाटलं आता ही मला शिव्या घालणार, आणि खरं सांगू, मला ते हवं होतं. तिनं मागे वळून बाकीच्या बायांना सांगितलं, "ह्यो मास्तर लई भला मानूस हाय. समद्यांनी मला चोर म्हनलं, ह्यानं न्हाई म्हनलं. जेवढं बघितलं तेवढंच खरं बोलला, बापडा." मग मला म्हणाली, "लेक मोकळी झाली, मास्तर. पोरगी झाली." पलीकडे बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि तिची लेक झोळीला झोका देत बसली होती.

गिरजाबाईनं झाडाखालच्या मडक्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मडकं कलतं करावं लागलं तिला. म्हणाली, "लेकीच्या वाटनीचं हाय, पर तुमी उन्हातनं आलाय. प्या."

मला तहान लागलेली नव्हती. नको म्हणालो असतो तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यालो.