रुमालाखालचा पडदा

बाबारावांची त्या पडद्याशी पहिली भेट झाली तेव्हा रायपूरच्या ओमप्रकाश सेठचं नाक पडद्याबाहेर निघालं आणि टेबल ओलांडून थेट बाबारावांच्या चहावर येऊन थांबलं. नाकपुड्या अशा, की प्रत्येकीत संत्र्यांची एकेक पेटी आरामात बसावी. सेठच्या मिशा भिजू नयेत म्हणून बाबारावांनी कप बाजूला सरकवला.

"बाबा, सेठ रायपूरलेच आहेत," मयुरा म्हणाली. ही त्यांची लेक, नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत कामाला. चष्मा न लावताही समोरचा माणूस हात लावावा इतका उठून दिसेल असे टेबलावरचे पडदे तिची कंपनी बनवत होती. चाचणीच्या जोडीतला एक तिने कळमन्याच्या घाऊक बाजारात वडिलांच्या अडतीवर मांडला होता, दुसरा रायपूरला पाठवला होता. "फक्त समोर बसा. मान हलवली का चित्र दोन-दोन दिसते."

"मान न हलवता संत्र्याचा सौदा होते काय वं?"

सौदा होणं मात्र गरजेचं होतं. सेठ हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कळमन्यातली बाबारावांची निम्मी ऐट त्यांच्याच नावावर चालायची. यंदा सेठचे गुडघे गेले, प्रवास बंद झाला, आणि अमरावतीचा एक अडत्या त्यांना रोज फोन करू लागला.

बाबारावांनी संत्रं पुढे धरलं. सेठने तिकडे हवा चाचपली आणि समाधानानं मान डोलावली. "माल तो बढ़िया है. अब भाव?"

बाजारात उघड लिलाव येऊन जमाना झाला, पण या दोघांचं खासगीतलं जुन्या रीतीनंच चाले. हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. भाव तोंडानं बोलणं म्हणजे बाबारावांना भर बाजारात सदरा काढण्यासारखं. त्यांनी सवयीनं रुमाल काढला, पडद्यावर टाकला आणि आत हात घातला.

रुमाल कॅमेऱ्यावर पडला. रायपूरला अंधार झाला.

"बाबा, काय करून राहिले?"

"भाव सांगून राहिलो."

"त्याईले काही दिसून नाही राहिलं."

"दिसू नये म्हणूनच त रुमाल असते, बाई."

आतून सेठचा आवाज आला, "बाबाराव, हाथ कहाँ है तुम्हारा? इधर तो काँच है."

"तोंडानं सांगा ना, बाबा," मयुरा म्हणाली.

बाबारावांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारचा अडत्या, ज्याने जन्मात झाडू धरला नव्हता, तो यांचीच पायरी झाडत होता. बाबाराव पडद्याकडे वाकले. मग रुमालाच्या आत तोंड घालून म्हणाले, "सेठ, उद्या येतो. हात घेऊनच येतो."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा रुमाल खिशात घालून ते गाडीनं रायपूरला पोचले. सेठने आग्रह करकरून जेवू घातलं. माल त्यांनी सकाळीच अमरावतीहून घेतला होता, फोनवर.