अक्का एकदाच खात्रीनं बोलल्या

"मला म्हाईत न्हाई," असं आमच्या अक्का चारचौघांत बिनधास्त म्हणायच्या. आम्ही गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, आणि त्या आमच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक. काही कळत नसताना 'घाबरू नका' म्हणणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील. कोरोनात तर त्यांचं नुसतं पीक आलं होतं. फोनवरून बोलायला काय जातं?

ऊसतोडीची माणसं कारखान्यांवरून परतली होती, त्यांना शाळेत ठेवलं होतं. त्यांचा ताप बघायला आम्हाला रोज जावं लागे. घरी सासू उंबऱ्याच्या आत घेईना, गावात कुणी घोटभर पाणी देईना. जीव नुसता टांगणीला. या मास्कनं भागतं का, लेकरांना काही होईल का, असं आम्ही अक्कांना विचारायचो.

"मला म्हाईत न्हाई गं. चला, मी म्होरं होते."

आणि खरंच पुढं व्हायच्या. सरपंचांनी एकदा विचारलं, हे कधी संपणार? अक्का म्हणाल्या, माझ्या गाडीतलं पेट्रोल कधी संपतं ते मला कळत नाही, हे काय सांगू? खोटा धीर देत नाहीत, म्हणूनच आमचा त्यांच्यावर भरवसा होता.

दुसऱ्या लाटेत आमच्यातल्या सुमनला धाप लागली. अँब्युलन्समध्ये चढताना तिनं अक्कांचा हात धरला. "अक्का, मी माघारी येईन ना?"

आम्ही सगळ्या अक्कांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"येशील," अक्का म्हणाल्या. "येशील म्हंजे येशीलच."

सुमन आली नाही. अक्का कामावर येत राहिल्या, पण आमच्यात बसेनात. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. साथ ओसरल्यावर त्यांनी काम सोडलं आणि दिंद्रुडला लेकाकडं जाऊन राहिल्या.

मला राहवेना. गेल्या उन्हाळ्यात भेटायला गेले. म्हटलं, अक्का, तुम्ही धीर दिला, त्यात काय चुकलं? अशा वेळी माणसानं दुसरं काय बोलावं?

त्यांनी निवडायच्या ज्वारीचं सूप खाली ठेवलं.

"सुमननं गाडीतून लेकीला फोन केलता. म्हणली, अक्का म्हणल्यात म्हंजे मी येतेच, माझ्या वाट्याची भाकरी करून ठिव. मी भेटाया गेलते तवा पोरीनंच सांगितलं."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"पोर रोज करून ठिवायची गं," अक्का म्हणाल्या. "तिला सांगस्तोवर."