ठमाबाईच्या हातची कणी

सिंदेवाहीच्या आजूबाजूच्या पाच-सहा गावांत धानाला उंदीर लागला की लोक मांजर शोधत नाहीत, ठमाबाई गुरनुलेला बोलावणं धाडतात. बाई येणार, लुगडं खोचून शेताच्या धुऱ्यावर बसणार, बिळाच्या तोंडची माती चिमटीत घेऊन हुंगणार आणि सांगणार, "पाच हायेत. त्यातली एक गाभण हाय." खणून पाहिलं तर पाचच निघतात. तीस वर्षांत तिने किती उंदीर मारले याची मोजदाद चित्रगुप्तानेही कधीच सोडून दिली असेल.

तिची रीत साधी, पण चिवट. पहिले तीन दिवस तांदळाच्या कणीला जवसाचं तेल चोळून ती नुसतीच बिळापाशी ठेवायची. चौथ्या दिवशी त्याच कणीत काळी विषाची पूड कालवायची. घायकुते शेतकरी पहिल्याच दिवशी पूड टाकत, फसत आणि मग तिच्या दारात येत. "उंदीर भुक्कड नाई," ती त्यांना झापायची, "संशयी हाय. पयले त्याचा इस्वास बसू द्या."

अशा बाईच्या घरात सून आली ती पिंजऱ्यात पांढरा उंदीर घेऊन. रंजीता चंद्रपूरची, फार्मसी शिकलेली, सिंदेवाहीत एका औषधाच्या दुकानात कामाला लागलेली. मैत्रीण पुण्याला जाताना हा उंदीर तिच्या गळ्यात मारून गेली होती. तो पुढचे दोन पाय सारखे एकमेकांवर चोळायचा, हातावरची खडूची पूड झटकल्यासारखे, म्हणून त्याचं नाव मास्तर. गावाला आयतंच हसू मिळालं. शेजारची गुलाब तर तोंडावर म्हणायची, "वाघाच्या घरी शेळी नांदाले आली." आणि खोटं कशाला सांगा, पहिला महिना ठमाबाई पिंजऱ्याकडे पाठ करूनच जेवली. पण मास्तर बेरकी. तिची चाहूल लागली की जाळीला धरून उभा राहायचा. दुसऱ्या महिन्यात, कोणी बघत नाही असं बघून, ती त्याला भाताची शितं द्यायला लागली.

दिवाळी झाल्यावर रंजीता भावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, चार दिवस माहेरी गेली. नवरा प्रफुल, म्हणजे ठमाबाईचा मुलगा, तोही सोबत गेला. घरात उरली ठमाबाई आणि मास्तर.

पिंजऱ्यात अंथरायला रंजीता जुनी वर्तमानपत्रं घालायची. ठमाबाईच्या मनाला ते पटत नव्हतं. धानाच्या मुलखात राहायचं आणि कागदावर झोपायचं, हे काय जिणं झालं? ती तडक राईस मिलवर गेली, धानाचा ताजा कोंडा पोतंभर घेऊन आली आणि पिंजऱ्यात वीतभर पसरला. मास्तर त्यात बुडी मारी, वर येई, पुन्हा बुडी मारी. बाई कामधंदा सोडून तासभर ते बघत बसली.

तिसऱ्या दिवशी मास्तर शिंकायला लागला. मग छातीतून घरघर. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या नाकाला आणि डोळ्यांच्या कडांना लाल थेंब दिसले. ठमाबाईने कोंडा काढून फेकला, पिंजरा पुसला, पुन्हा कागद घातले. करायला गेली होती लाड, आणि हे होऊन बसलं.

दुपारी रंजीता आणि प्रफुल परत आले. तिने आधी मास्तरचं लाल नाक पाहिलं, आणि मग सासूचे हात.

"आई, शेतात कनी मांडाले गेल्त्या का तुमी?"

"गेल्ती. परवा."

"मंग हात..." ती तिथेच थांबली.

"साबनानं धुतले, पोरी. दोन डाव."

"हो," रंजीता म्हणाली. पण त्या 'हो'मध्ये विश्वास नव्हता. साप चावता तरी ठमाबाईला एवढं लागलं नसतं. संध्याकाळच्या आत गुलाबने गावभर केलंच, ठमीनं सुनेच्या उंदराले जहर देल्लं म्हणून. मास्तर मेला तर हा डाग जन्मात निघणार नाही, आणि सून एका घरात राहूनही तिच्या हातचं पाणी घेताना आधी त्या हाताकडे बघेल, हे बाईला उमगलं.

दोघी उंदराला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. गाई-म्हशींचा माणूस तो, पण त्यांनी मास्तरच्या पाठीला कान लावला आणि सांगितलं, "हे रक्त नाही. उंदीर आजारी पडला की त्याच्या डोळ्यानाकातून असंच लाल पाणी येतं. विष तर नाहीच. छाती भरली आहे. अंथरायला काय घालता?"

"पेपर," रंजीता म्हणाली.

ठमाबाई गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? "कोंडा," ती म्हणाली. "मिलचा. मीच घातला होता. आता काढून टाकला."

डॉक्टरांनी मान हलवली. ताज्या कोंड्याची बारीक धूळ त्याच्या छातीत गेली होती. त्यांनी कडू पातळ औषध दिलं, दिवसातून दोनदा, सात दिवस. जबरदस्ती करू नका, श्वासनळीत गेलं तर संपलं, हेही बजावलं. विषाचा आळ गेला खरा, पण जीव धोक्यात आला तो ठमाबाईच्याच हाताने, यावर आता शिक्कामोर्तब झालं. घरी आल्यावर रंजीताने पिंजरा आपल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. गावाला डॉक्टरांचं म्हणणं ऐकण्यात रसच नव्हता.

मास्तर औषध घेईना. मधातून दिलं, केळ्यातून दिलं, दुधातून दिलं. एकदा चाटलं, कडू लागलं, की तो पदार्थ कायमचा बाद. दोन दिवसांत त्याने साधा भातही सोडला. बाजारातला सोनार धनराज, त्याच्या काट्यावर रंजीता त्याला तोलून आणायची. तीनशे दहा ग्रॅमचा मास्तर दोनशे बासष्टवर आला. दाराआडून ठमाबाई सगळं ऐकत होती. उंदीर संशयात गेला म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. "पोरी, मले दे. एक डाव दे."

रंजीताने बाटली हातात घट्ट धरली होती. ती सासूकडे बघत राहिली. मग तिने बाटली पुढे केली.

तीन दिवस इस्वास बसवायला आता वेळ नव्हता. पण ठमाबाईला आणखी एक गोष्ट माहीत होती. बिळात एखादा उंदीर खाऊन परतला की बाकीचे त्याच्या तोंडाला नाक लावतात. त्या तोंडाला जो वास येतो, ते अन्न मग निर्धास्त खातात. याच खोडीवर तिने बिळंच्या बिळं बुडवली होती.

तिने कणी मऊ शिजवली, जवसाचं तेल सढळ हाताने घातलं, औषधाचे थेंब मोजून कालवले. आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकला.

"आई, तुमी काऊन खाऊन राह्यल्या?"

कडू जहर होतं ते. ठमाबाई चावत राहिली, जाळीचं दार उघडून तोंड आत घातलं आणि हळू श्वास सोडला. मास्तर कोपऱ्यातून सरकत आला. त्याने तिचे ओठ हुंगले, दात हुंगले. मिशांच्या गुदगुल्या झाल्या, बाई हलली नाही. मग तिने बोटावर थोडी कणी पुढे केली. तो मागे सरला. तिने दुसरा घास खाल्ला. पुन्हा हुंगणं. पुन्हा बोट पुढे, पुन्हा नकार. तिसऱ्या घासानंतर मास्तरने तिचं बोट दोन्ही पायांनी धरलं आणि कणी खाल्ली. चाटून पुसून खाल्ली.

रंजीता भिंतीला टेकून रडायला लागली.

"रडू नको वो," ठमाबाई पुटपुटली. "बिचकन तो. आन् तिकडची वाटी दे."

सात दिवस, दिवसातून दोनदा. पहिला घास बाईचा, दुसरा मास्तरचा. तिसऱ्या दिवशी लाल पाणी थांबलं, पाचव्या दिवशी घरघर गेली, सहाव्या दिवशी त्याने प्रफुलच्या नव्या सदऱ्याची बाही कुरतडली आणि घरात सण असल्यासारखा आनंद झाला. खुद्द प्रफुल फाटकी बाही लोकांना दाखवत फिरला.

आठव्या दिवशी बाजार होता. सासूसुना मास्तरला घेऊन धनराजकडे गेल्या. दुकान बायांनी भरलेलं, त्यात गुलाबही जोडवी बघत बसलेली. काटा तीनशे अठरावर थांबला.

"अरे वा," धनराज म्हणाला. "जीव वाचला म्हनायचा. कोनाचा गुन आला?"

रंजीताने डोक्यावरचा पदर सावरला. दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली. "माह्या सासूचा. आन् मी तिच्यावर शंका घेतली होती, गुलाबमावशी. तोंडानं बोलली नाई, पन घेतली होती. तिनं सात दिवस कडू औषध खाल्लं ह्याच्यासाठी. तुमी गावभर सांगितलं नं, आता हेबी सांगा."

गुलाबने जोडवी खाली ठेवली. "सांगीन, बाई," ती म्हणाली.

तीस वर्षं उंदरांच्या बिळांवर बसलेली ठमाबाई त्या भरल्या दुकानात, सोनाराच्या काट्यापुढे, हमसून हमसून रडली आणि तिला त्याची तिळभर लाज वाटली नाही. रंजीताने तिचा हात आपल्या हातात घेतला. तो हात तिने घर येईपर्यंत सोडला नाही.