बाजारावरच्या तीन ओळी

केनवडच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणारे एक गुरुजी मुलांचे निबंध खिडकीशी उभे राहून पुटपुटत वाचत. घोकलेला निबंध लागला की म्हणत, "हे पुस्तक बोलून राह्यलं."

वार्षिक परीक्षेत 'आमचा बाजार' या विषयावर एका मुलीने पाटीवर तीनच ओळी लिहिल्या. एवढ्यावर वरच्या इयत्तेत घालता येणार नाही, असं मी म्हणालो. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"एवढंच काहून लिवलं वं पोरी?"

"माय मिरच्या इकते, गुरुजी. मले ठसका लागते. मी तिथं थांबतच नाही."

"मंग हेच लिव ना!"

ती खाली बसली आणि तिने पाटी दोन्ही बाजूंनी भरली. वाचताना गुरुजी हसून हसून खोकले.

"पोरीले येते, मास्तर," ते मला म्हणाले. "आपूनच नीट विचारलं नव्हतं."

ती वरच्या इयत्तेत गेली.